संकेतस्थळावरील छायाचित्रांचे लघूकरण : वैद्य व फार्मसीचालकांसाठी काही विचार

आयुर्वेदीय चिकित्सालये आणि औषधनिर्मात्या फार्मसी यांची संकेतस्थळे आता नवलाईची राहिलेली नाहीत. मोठ्या शहरांप्रमाणेच बारामती-इंदापूर मार्गावरील निमगाव केतकीसारख्या गावातूनही वैद्यमंडळी आपल्या चिकित्सालयाची माहिती, औषधी वनस्पतींची छायाचित्रे आणि औषधांची सूची संकेतस्थळावर ठेवू लागली आहेत. २०१६ नंतर खेडोपाडी स्वस्त झालेल्या मोबाइल इंटरनेटमुळे रुग्ण व त्याचे नातेवाईक प्रथम भ्रमणध्वनीवरच वैद्याचा शोध घेतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तथापि यांपैकी अनेक संकेतस्थळे उघडताना वर्तुळ फिरत राहते, अर्धे चित्र दिसते, अर्धे दिसत नाही आणि रुग्ण कंटाळून पान बंद करतो. याचे कारण बहुतांशी एकच असते, ते म्हणजे छायाचित्रांच्या फाइलींचा अवाजवी आकार. प्रस्तुत लेखात हा आकार कसा कमी करावा, किती कमी करावा आणि आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने कोठे थांबावे, याचा विचार आम्ही करणार आहोत.

आकार म्हणजे नेमके काय?

छायाचित्र हे अतिसूक्ष्म रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आजच्या सर्वसाधारण भ्रमणध्वनीने काढलेले १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र बहुधा ४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच असते. म्हणजे त्यात एकूण १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवण्यास ३ बाइट लागतात. अर्थात कोणतेही संक्षेपण न करता हे छायाचित्र साठविल्यास ते ३६ एमबी भरेल. कॅमेरा ते जेपेग पद्धतीने साठवितो, म्हणून प्रत्यक्षात फाइल साधारणतः ३ ते ६ एमबीची होते.

आता साधे गणित पाहू. ४ एमबीची फाइल म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदास २ मेगाबिट वेग मिळत असेल, तर असे एक छायाचित्र उतरण्यास १६ सेकंद लागतील. एका पानावर अशी १० छायाचित्रे असल्यास २ मिनिटे ४० सेकंद! हीच छायाचित्रे प्रत्येकी १२० केबीची केल्यास दहाही छायाचित्रे मिळून सुमारे ५ सेकंदांत उतरतील. गूगलने २०२० साली जाहीर केलेल्या निकषानुसार पानावरील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला, तर ते पान चांगले समजावे. शिवाय भ्रमणध्वनीवरील शोधक्रमात पानाचा वेग विचारात घेण्यास गूगलने जुलै २०१८ पासून प्रारंभ केलेला आहे. म्हणजेच जड छायाचित्रांमुळे आलेला रुग्ण परत जातो, आणि न आलेल्या रुग्णास आपण सापडण्याची शक्यताही घटते.

लघूकरणाचे दोन मार्ग

फाइलीचा आकार दोन मार्गांनी कमी होतो, आणि हे दोन मार्ग निरनिराळे आहेत हे लक्षात घेणे अत्यावश्यक आहे.

पहिला मार्ग ठिपक्यांची संख्या कमी करण्याचा. ४००० × ३००० चे चित्र १२०० × ९०० केले, की ठिपके १ कोटी २० लाखांवरून १० लाख ८० हजारांवर येतात, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा उरतो. भ्रमणध्वनीच्या पडद्याची खरी रुंदी बहुधा १०८० ते १४४० पिक्सेल असते. तेथे ४००० पिक्सेलचे चित्र पाठविणे म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या मात्रेसाठी रुग्णाच्या घरी पोतेभर चूर्ण पोहोचविण्यासारखे आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संकेतस्थळाच्या पानावर चित्र लहान चौकटीत दाखविले, म्हणजे फाइल लहान झाली असे नव्हे. चौकट लहान असली तरी रुग्णाच्या भ्रमणध्वनीत संपूर्ण ४ एमबीच उतरतात. चित्र संकेतस्थळावर चढविण्यापूर्वीच लहान करावयास हवे.

दुसरा मार्ग संक्षेपणाचा. यातही दोन प्रकार आहेत. एकात माहितीचा लवलेशही नष्ट होत नाही, ती केवळ अधिक नीट घडी घालून ठेवली जाते. १९९६ साली प्रमाणित झालेली पीएनजी पद्धती या प्रकारची आहे. दुसऱ्या प्रकारात डोळ्यास सहसा न जाणवणारी माहिती टाकून दिली जाते. १९९२ साली निश्चित झालेली जेपेग पद्धती या प्रकारची. वस्त्रगाळ केलेल्या चूर्णातून मागे राहिलेला जाड भाग जसा त्या चूर्णात पुन्हा येत नाही, तशी जेपेगने टाकलेली माहिती कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

जेपेग नेमके काय टाकून देते? प्रथम चित्रातील प्रकाश-छाया आणि रंग ही माहिती वेगळी केली जाते. मानवी नेत्र प्रकाशातील सूक्ष्म भेद चटकन टिपतो, मात्र रंगातील तितकाच सूक्ष्म भेद त्यास जाणवत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी निम्मी केली जाते. नंतर चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील सावकाश बदलणारा भाग आणि झपाट्याने बदलणारा बारीक तपशील यांचे पृथक्करण होते आणि बारीक तपशिलास कात्री लागते. या पृथक्करणाचे गणित बंगळूरू येथे जन्मलेले अभियंते नसीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. जगभरातील जेपेग छायाचित्रे ज्या गणितावर उभी आहेत, त्यात भारतीयांचा असा मूलभूत वाटा आहे, हे आपणास अभिमानास्पद आहे.

कोणत्या चित्रास कोणती पद्धती?

१. वनस्पती, चिकित्सालय, पंचकर्म कक्ष, औषधाची बाटली इत्यादींची छायाचित्रे : जेपेग किंवा वेबपी.

२. बोधचिन्ह, रेखाचित्र, अक्षरे असलेले फलक : पीएनजी. बोधचिन्ह रेखांकित स्वरूपात उपलब्ध असल्यास एसव्हीजी सर्वोत्तम, कारण ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही व फाइल अगदी लहान राहते.

३. जीआयएफ ही १९८७ सालची पद्धती केवळ २५६ रंग दाखवू शकते. छायाचित्रांसाठी ती वापरू नये.

४. वेबपी ही गूगलने २०१० साली पुढे आणलेली पद्धती. गूगलच्या मापनानुसार समान दर्जाच्या जेपेगपेक्षा तिची फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. २०२० पासून अॅपलच्या सफारीसह सर्व प्रमुख ब्राउझर ती दाखवितात. वर्डप्रेसवर बांधलेल्या संकेतस्थळांवर २०२१ पासून वेबपी फाइली थेट चढविता येतात.

५. एव्हीआयएफ ही २०१९ सालची पद्धती त्याहूनही लहान फाइल देते. मात्र जुन्या भ्रमणध्वनींवर ती दिसत नाही. ग्रामीण रुग्णांकडे जुने संच असतात, हे ध्यानी घेता तूर्त वेबपी किंवा जेपेग यांवरच भर द्यावा, असे आम्हांस वाटते.

आयफोनने काढलेली छायाचित्रे २०१७ पासून बहुधा एचईआयसी या स्वरूपात साठतात. बहुतेक ब्राउझर ती दाखवीत नाहीत. अशी छायाचित्रे प्रथम जेपेगमध्ये रूपांतरित करून घ्यावीत.

प्रत्यक्ष कृती

आमच्या निमगाव केतकी परिसरात पानमळे आहेत, म्हणून नागवल्लीच्या पानाचेच उदाहरण घेऊ. पानाचे १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र आपल्याकडे आहे असे समजू.

प्रथम मूळ छायाचित्राची एक प्रत 'मूळ' नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून द्यावी आणि तिला कधीही हात लावू नये. पुढील सर्व काम दुसऱ्या प्रतीवर करावे. हस्तलिखितांचे अंकीकरण करणाऱ्या संस्थाही हाच नियम पाळतात. संपूर्ण तपशिलाची मूळ प्रतिमा जतन केली जाते आणि वाचकास देण्यासाठी तिच्यापासून लहान प्रत तयार होते. जेपेग फाइल उघडून, बदलून पुन्हा पुन्हा साठविल्यास प्रत्येक वेळी थोडा तपशील नष्ट होतो. छायाप्रतीची छायाप्रत काढावी तसे ते होते. म्हणून प्रत्येक नवी प्रत मूळापासूनच करावी.

त्यानंतर अनावश्यक भाग कापावा. पानाच्या मागे अंगणातील बादली व दोरी दिसण्याचे प्रयोजन नाही. कापण्याने चित्र सुबक होते आणि आकारही घटतो.

मग रुंदी ठरवावी. पानाच्या संपूर्ण रुंदीचे चित्र असल्यास १२०० ते १६०० पिक्सेल, औषधसूचीतील चित्र असल्यास ६०० ते ८००, लहान चौकटीसाठी ३०० ते ४०० पुरतात. उंची त्याच प्रमाणात आपोआप बदलू द्यावी, अन्यथा पान लांबट किंवा चपटे दिसेल.

शेवटी साठविताना 'क्वालिटी' हा अंक विचारला जातो. तो ७५ ते ८५ च्या दरम्यान ठेवावा. १०० ठेवल्यास फाइल फुगते, पण डोळ्यास फरक कळत नाही. ५० च्या खाली गेल्यास चौकोन उमटू लागतात व कडांभोवती धूसर वलये दिसतात. काढा आटविताना चतुर्थांश उरला की उतरवावयाचा असतो. तेथे लोभाने आणखी आटविल्यास तो तळाशी लागतो. येथेही तोच विवेक हवा. सूचीतील चित्र ६० ते १२० केबी आणि मोठे चित्र २०० ते ३०० केबीच्या आत बसले, म्हणजे काम उत्तम झाले असे समजावे.

साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. विंडोजमधील पेंटने रुंदी कमी करता येते, पण क्वालिटीचा अंक निवडता येत नाही. गिम्प या मुक्त प्रणालीत सर्व सोयी आहेत. गूगलच्या तंत्रज्ञांनी २०१८ साली सादर केलेले स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच चालते आणि मूळ व लघुरूप ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी दाखविते. यात चित्र आपल्या संगणकाबाहेर जात नाही, हा वैद्यांच्या दृष्टीने मोठा गुण होय. अनेक विनामूल्य संकेतस्थळे चित्र स्वतःच्या संगणकावर मागवून घेऊन लहान करून देतात. रुग्णाचे छायाचित्र अशा ठिकाणी कदापि पाठवू नये.

छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून संकेतस्थळ बनविणाऱ्याकडे पाठविण्याची पद्धत सर्वत्र आहे. छायाचित्र म्हणून पाठविल्यास व्हॉट्सअॅप ते स्वतःच्या हिशेबाने संक्षेपित करते आणि पुढे आपण पुन्हा संक्षेपण केले, की दर्जा आणखी खालावतो. मूळ फाइल पोहोचवावयाची असल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

'७२ डीपीआय केले की चित्र हलके होते' असेही सांगितले जाते. पडद्यासाठी हा अंक निरर्थक आहे, तेथे केवळ पिक्सेलची संख्या महत्त्वाची. छपाईत मात्र त्यास अर्थ आहे. ४ इंच रुंदीचे चित्र ३०० डीपीआयने छापावयाचे, तर १२०० पिक्सेल लागतात. संकेतस्थळासाठी ४०० पिक्सेलचे केलेले चित्र माहितीपत्रकासाठी मुद्रकाकडे देऊ नये. त्यासाठीच मूळ प्रत जपावयाची.

कोठे थांबावे : वैद्यकीय विवेक

येथवरचा भाग कोणत्याही व्यावसायिकास लागू आहे. परंतु आपली चित्रे शोभेची नसतात. त्यांवर कोणाचे तरी आरोग्य अवलंबून असते. म्हणून पुढील चार बाबींकडे वैद्य व फार्मसीचालकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

*पहिली, औषधाचे लेबल.* बारीक अक्षरे हाच झपाट्याने बदलणारा तपशील होय आणि जेपेग नेमका तोच प्रथम कापते. ६०० पिक्सेलच्या चित्रात बाटलीचे नाव वाचता येते, पण घटकद्रव्ये, मात्रा व वापराची मुदत पुसट होतात. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धतूर यांसारखी द्रव्ये औषधे नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये आहेत. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच सेवन करण्याची सूचना छापावी लागते. संकेतस्थळावरील चित्रात ती सूचनाच वाचता येत नसेल, तर ग्राहकाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. यास्तव लेबलचे स्वतंत्र, जवळून घेतलेले चित्र द्यावे आणि त्यातील सर्व मजकूर चित्राखाली अक्षरांतही लिहावा. मात्रा, अनुपान व सावधगिरी ही माहिती केवळ चित्रात कधीही असू नये. दरपत्रक व चिकित्सालयाच्या वेळाही अक्षरांतच लिहाव्यात. अक्षरांचे एक पान काही केबींचे असते. तोच मजकूर छायाचित्रात घातला की शेकडो केबी होतात, शिवाय शोधयंत्रास आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या वाचनयंत्रास तो सहसा नीट कळत नाही.

*दुसरी, वनस्पतीची ओळख.* अशोकाच्या नावाखाली उद्यानातील उंच, लांब पानांच्या आसुपालवाची साल बाजारात येते, हे आपण जाणतो. वनस्पती ओळखताना पानाची कडा, शिरांची मांडणी, सालीचा पोत, कंदाचा छेद हे पाहावे लागते. हा सारा बारीक तपशील आहे. अशा चित्रांस क्वालिटी ८५ च्या खाली नेऊ नये. मुख्य पानावर लहान चित्र ठेवून त्यावर टिचकी मारल्यास मोठे चित्र उघडेल, अशी व्यवस्था करावी. ज्यास हवे त्यालाच मोठी फाइल उतरेल.

*तिसरी, त्वचा व जिव्हा यांची छायाचित्रे.* विचर्चिका, किटिभ आदी कुष्ठांच्या रुग्णांची 'चिकित्सेपूर्वी' व 'चिकित्सेनंतर' अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली जातात. अति संक्षेपणाने त्वचेवरील खर, पापुद्रे व बारीक पिटिका गुळगुळीत होऊन दिसेनाशा होतात आणि लालीही फिकट पडू शकते. म्हणजे नंतरचे चित्र अधिक आटविले, तर चिकित्सेने न झालेला गुण संगणकाने दाखविला असे होईल! हे हेतुतः होत नसले तरी शास्त्राशी प्रतारणाच होय. दोन्ही चित्रे एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून घ्यावीत आणि एकाच रुंदीत व एकाच क्वालिटीने साठवावीत. रंग उजळविण्याची कोणतीही प्रक्रिया करू नये. तसेच औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यातील बंधनांची कसोटी अशा प्रत्येक चित्रास लावावी. जे शब्दांत जाहीर करण्यास मनाई आहे, ते चित्रातून सुचविणेही योग्य नव्हे.

*चौथी, रुग्णाची गोपनीयता.* भ्रमणध्वनीच्या छायाचित्रात चित्राखेरीज आणखीही माहिती दडलेली असते. चित्र कधी काढले, कोणत्या संचाने काढले आणि स्थाननोंद चालू असल्यास कोठे काढले, याचे अक्षांश-रेखांशही त्यात असतात. रुग्णाच्या घरी घेतलेल्या छायाचित्रावरून अशा प्रकारे त्याचे घर शोधता येते. लहान गावात तर एवढे पुष्कळ झाले. या नोंदीत कधीकधी न कापलेल्या मूळ चित्राची लघुप्रतही शिल्लक राहते, म्हणजे कापून टाकलेला चेहरा तेथे तसाच असू शकतो. लघूकरण करताना ही नोंद काढून टाकण्याचा पर्याय अवश्य निवडावा. त्यामुळे काही केबीही वाचतात. केवळ डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने गावातील माणूस अनोळखी होत नाही. चेहरा संपूर्ण वगळावा आणि रुग्णाची लेखी संमती घ्यावी. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही संमतीस मध्यवर्ती स्थान आहे.

संकेतस्थळ बनविणाऱ्यास काय सांगावे?

बहुतेक वैद्य हे काम दुसऱ्याकडून करवून घेतात. त्यांनी पुढील बाबी आग्रहाने मागाव्यात :

१. पडद्याच्या रुंदीनुसार लहान किंवा मोठे चित्र आपोआप निवडले जावे. वर्डप्रेस एकाच चित्राच्या निरनिराळ्या मापांच्या प्रती स्वतः तयार करते, त्यांचा उपयोग व्हावा.

२. खालच्या भागातील चित्रे वाचक तेथवर आल्यावरच उतरावीत. सर्वांत वरचे मुख्य चित्र मात्र लगेच उतरले पाहिजे.

३. प्रत्येक चित्राची रुंदी व उंची पानात नोंदलेली असावी, म्हणजे चित्र येताना मजकूर खाली-वर उड्या मारत नाही.

४. फाइलींना कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकाऐवजी 'नागवल्ली-पान' असे अर्थपूर्ण नाव असावे आणि प्रत्येक चित्रास पर्यायी वर्णन मराठीत लिहिलेले असावे. चित्र न उमटल्यास तेच वर्णन दिसते.

५. आपोआप सरकणारी पाच-सहा मोठी चित्रे मुखपृष्ठावर नसावीत. एक नेमके चित्र पुरेसे आहे.

काम हाती आल्यावर ते संगणकावर पाहून संमती देऊ नये. जो साधा भ्रमणध्वनी आपल्या रुग्णांकडे असतो, त्यावर, वाय-फाय बंद करून, गावातील नेहमीच्या जोडणीवर पान उघडून पाहावे. पान तेथे लवकर उघडले आणि लेबलवरील सावधगिरीची सूचना वाचता आली, तरच ते स्वीकारावे.

एका छायाचित्रास या साऱ्या कृतीसाठी दोन-तीन मिनिटे लागतात. पन्नास औषधांची सूची असलेल्या फार्मसीचे काम दोन-तीन दिवसांच्या सवडीत पूर्ण होऊ शकते. त्यासाठी नवा खर्च नाही, नवे यंत्र नाही. रात्री-अपरात्री चिकित्सालयाचा दूरध्वनी क्रमांक शोधणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकास तो क्रमांक तत्काळ दिसावा, औषध घेणाऱ्यास मात्रा व सावधगिरी स्पष्ट वाचता यावी आणि ज्याने विश्वासाने आपली व्याधी दाखविली त्याची ओळख सुरक्षित राहावी, इतकाच या लघूकरणाचा हेतू आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व फार्मसीचालकांनी पुढील अंक येईपर्यंत आपापल्या संकेतस्थळावरील किमान मुख्य पान तरी या दृष्टीने तपासून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.